कवडू पाण्यात उतरतो तिथवर

३ फेब्रुवारी २०२५, सिंदेवाही

प्रणित आला होता. हातात पेढ्यांचा पुडा पाहिला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पेढे घेऊन येणारा माणूस अर्धी बातमी पुड्यात ठेवतो आणि अर्धी खिशात.

पुड्यातली बातमी अशी की माझ्या 'उदकपूर'चा सिनेमा होणार. हैदराबादचा एक निर्माता तयार झाला. सिनेमा दिग्दर्शक व्हायला निघालेला हा पोरगा गेली काही वर्षं माझी कादंबरी काखेत मारून दारोदार हिंडला आणि शेवटी दार उघडलं ते तेलुगू माणसाने. पुस्तक जाड आहे हे मी नाकारत नाही. छापून आलं तेव्हा भात संशोधन केंद्रातले माझे जुने सहकारी म्हणाले होते, रामाजी, निवृत्तीनंतर माणसं बाग लावतात, तू वीटभट्टी काढलीस.

मग खिशातली बातमी निघाली. सिनेमा एक नाही, दोन. कादंबरी मधोमध तोडायची. पहिला भाग कवडू डोंग्यातून काळ्या पाण्यात उतरतो तिथवर. दुसरा भाग पुढे कधीतरी, पहिला चालला तर.

"चालला तं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे भाऊ, लोकं आले पायजेत ना थेटरात. आले तं दुसरा बनन. नाई आले तं..." आणि त्याने पेढा तोंडात टाकला.

नदीखाली उदकपूर नावाचं शहर आहे. बुडालेली माणसं तिथे राहतात, आणि त्यांना आपली नावं आठवत नाहीत. राणीने ती शिंपल्यांत कोंडून ठेवली आहेत. डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवणारा कवडू ती नावं सोडवायला खाली उतरतो आणि सगळ्यांची नावं घेऊन वर येतो. वर येतो, ही गोष्ट आहे. खाली जाण्याची गोष्ट कोणीही लिहील. पहिला भाग पडला तर माझा पोरगा पाण्यातच राहायचा.

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. बायकोने, चंदाने, पेढा देवापुढे ठेवला आणि ती कामाला लागली. माझ्या लिखाणात तिला गोडी नाही. पुस्तक निघालं तेव्हा तिने अर्धं वाचलं आणि कपाटात ठेवलं, ते ठेवलंच.

९ फेब्रुवारी

प्रणितला फोन करून समजावलं. म्हटलं, मी वडशाच्या कंपन्यांसाठी दोन नाटकं लिहिली आहेत, मला शिकवू नको. आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडल्यावर संपतं. राजा मेला की पहाटेपर्यंत त्याच्या पोराने गादीवर बसायचंच, कारण कंपनी वर्षभर पुन्हा त्या गावात येणार नाही. प्रेक्षकाला अर्ध्या गोष्टीवर घरी पाठवणं म्हणजे जेवायला बसवून भरल्या ताटावरून उठवणं.

तो म्हणाला, "भाऊ, जमाना बदलला. आता लोकं दोन दोन वर्ष वाट पाहतेत दुसऱ्या भागाची. त्यायले मजा येते वाट पाहाले."

वाट पाहण्यात मजा येते, हे वाक्य पस्तिशीचा माणूसच बोलू शकतो. मी फोन ठेवून दिला.

२३ फेब्रुवारी

रंजीता गडचिरोलीहून आली. माझी लेक तिथे शाळेत शिकवते. जेवणं झाल्यावर पानदान पुढे ओढत म्हणाली, "बाबा, येत्या ऑगस्टले बारा वर्ष होतेत."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"आईनं गुरुजीले विचारलं. बारा वर्ष झाले का एक विधी..."

पुढचं मी ऐकलं नाही. गाईला पाणी दाखवायचं होतं, ते दाखवून आलो. परत आलो तेव्हा दोघी भांडी घासत होत्या, आणि विषय संपला होता. असा विषय संपवता आला पाहिजे.

इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. माझा मुलगा प्रफुल्ल भामरागडकडे कराराने शिक्षक होता. शाळा नदीपलीकडे. ऑगस्टमध्ये पर्लकोटा भरून वाहत असताना डोंगा उलटला. बरोबरचे दोघे खाली सापडले. प्रफुल्ल सापडला नाही. सापडला नाही म्हणजे सापडला नाही, मी त्यापुढे कोणताही शब्द लावत नाही. ज्याला लावायचा त्याने आपल्या घरी लावावा.

कादंबरी मी त्याच्या पुढच्या वर्षी सुरू केली. लोक लगेच नाती जोडतात. नागपूरला एका सभेत एका बाईंनी उठून विचारलंही. काही संबंध नाही. कवडू डोंगा चालवतो. प्रफुल्ल गणित शिकवायचा.

१७ मार्च

होळी झाल्यावर प्रणित पुन्हा आला. आज भांडण चष्म्यावरून. माझ्या कवडूला लांबचं दिसत नाही, म्हणून तो माशाच्या खवल्यांचा चष्मा लावतो. बोलताना तो काढून सदऱ्याच्या टोकाला पुसतो.

"भाऊ, हिरो आहे थो. पाण्याखाली मगरीसंग लढून राह्यला. चष्मा काऊन पायजे त्याले?"

"दिसत नाई म्हणून."

"मंग दिसू द्या ना. काल्पनिकच तं आहे."

काल्पनिक आहे म्हणजे काही नियम नाहीत असं ह्या पोरांना वाटतं. उलट, जे नाही ते दाखवायचं असेल तर जे आहे ते जास्त नेमकं लागतं. मी चष्मा सोडणार नाही असं सांगितलं. रागाच्या भरात आणखी एक सांगून बसलो, की तुझ्या लोकांना जमत नसेल तर मी स्वतः कापून दाखवतो. एकच सिनेमा, अडीच तासांचा, खाली जाणं आणि वर येणं दोन्ही. प्रणित म्हणाला, करून पहा भाऊ, जमलं तं मीच निर्मात्याचे पाय धरतो.

तो गेल्यावर खणातला चष्मा काढून पुसला. प्रफुल्लचा जुना आहे, एक काच तडकलेली. नवा केला तेव्हा हा घरी टाकून गेला होता. धूळ बसू नये एवढ्याचसाठी मी तो अधूनमधून पुसतो.

६ एप्रिल

कापतो आहे. कासवांची लढाई गेली. राणीच्या सात बहिणींच्या जागी एकच राहिली. आंधळ्या सुताराची पन्नास पानं गेली, आणि ती लिहिताना मी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. आपल्याच हाताने पेरलेलं धान आपणच उपटायचं, तेही लोंब्या आल्यावर. तरी अजून दोन सिनेमे होतील इतकं उरलंच आहे.

मोहफुलं संपत आली. सकाळी वेचणाऱ्या बायांचे आवाज येतात. चंदा त्यांच्याबरोबर जाते आणि उन्हं चढायच्या आत येते. ह्या वयात कशाला, असं म्हटलं तर ऐकत नाही.

१९ एप्रिल

जमलं.

रस्ता डोळ्यांसमोर होता आणि मला दिसत नव्हता. कवडूची आई. कादंबरीत ती काठावर बसून असते. कवडूचं नाव तिने पदराच्या गाठीत बांधलेलं असतं, आणि दर काही प्रकरणांनी गोष्ट वर येऊन तिला भेटते. ती उठते, बसते, दिवा लावते, पुन्हा बसते. तिच्याकडून काहीच घडत नाही. सिनेमात नुसत्या बसणाऱ्या माणसाचं काय करायचं? काढलं तिला. आई नसलेला पोरगा केला, दोन ओळींत काम झालं. तिच्याबरोबर इतकी पानं गेली की कवडूचं वर येणं नीट बसलं, घाई न करता.

फार हलकं वाटलं. एवढ्यात इतकं हलकं वाटलं नव्हतं. चंदाला सांगायला गच्चीवर गेलो तर ती पळसाची पानं वाळत घालत होती, देठासकट. म्हटलं, पत्रावळ्या शिवणार का? बाजारात थर्माकोलच्या मिळतात आता. ती म्हणाली, "लागतेत." कवडूच्या आईचं सांगायचं राहूनच गेलं.

४ मे

गच्चीवर पानांच्या जुड्या लागल्या आहेत. काही मोठ्या, काही लहान, सुतळीने बांधलेल्या आणि प्रत्येक वेगळी ठेवलेली. मी एक जुडी सरकवली तर चंदा धावत आली. म्हणाली, "हात नका लावू त्यायले." मी म्हटलं, एवढ्या पत्रावळ्यांत कोणाचं लग्न उरकतेस? ती हसली नाही. पूर्वी अशा थट्टेवर हसायची. उन्हाने माणूस चिडका होतो.

१८ मे

प्रणितला बोलावून नवी संहिता वाचून दाखवली. दुपारचं ऊन उतरल्यावर अंगणात खाटा टाकल्या. सुट्टी म्हणून रंजीताही आलेली. चंदा एरवी माझ्या वाचनाच्या वेळी आत कामं काढते. आज मात्र उंबऱ्यावर येऊन बसली, कारण रंजीताने तिला हात धरून बसवलं.

मी चांगलं वाचतो. नाटकाची सवय आहे. मगरीच्या दरबारात प्रणित पुढे सरकला. कवडू डोंग्यातून उतरला तिथे मी थोडा थांबलो, मुद्दाम, आणि मग लगेच पुढे गेलो, कारण हेच तर सिद्ध करायचं होतं की थांबायची गरज नाही.

"थांबा," चंदा म्हणाली.

तिने माझं वाचन कधी अडवलेलं नाही. मी चष्म्यावरून पाहिलं.

"त्याची माय कुठी आहे?"

मी समजावलं. संहितेत जागा कमी असते, आईचं पात्र गोष्ट पुढे नेत नाही, म्हणून ह्या रूपात कवडूला आई नाही.

"काऊन नाई? पुस्तकात तं होती. काठावर बसली होती."

"नुसती बसून होती, चंदा. काही करत नव्हती."

ती उठली आणि आत गेली. रंजीता तिच्यामागे गेली. मी उरलेलं प्रणितला वाचून दाखवलं, पण त्याचंही लक्ष राहिलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "भाऊ, बसलं हे एका सिनेमात. मान्य. पण थो वर येते तेव्हा काठावर कोणीच नाई. कोणासाठी आला मंग थो?"

प्रत्येकाला टीका करता येते.

२१ मे

घरात बोलणं कामापुरतं चाललं आहे. भाजी काय, गॅस आला का. माझं म्हणणं एवढंच की जिने अर्धं पुस्तक वाचलं तिने पूर्ण संहितेवर बोलू नये. हे मी तिला म्हटलंही. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि गच्चीवर गेली.

५ जून, भामरागड

प्रणितला नदी पाहायची होती, चित्रीकरणासाठी. कोणतीही नदी चालली असती. वैनगंगा काय कमी आहे? पण तो म्हणाला, भाऊ, तुमच्या पुस्तकातलं पाणी इथलंच आहे, मले दिसते थे. मी इथे येणार नव्हतो. घटना घडली तेव्हा आलो होतो, त्यानंतर नाही. गाडीत बसेपर्यंत मी येणार नव्हतो, आणि तरी बसलो.

पाणी इतकं कमी की खडक उघडे. कपडे धुणाऱ्या बाया, अंघोळ करणारी म्हैस. मी मनाशी इतकी वर्षं काळं पाणी धरून बसलो होतो आणि इथे गुडघाभर, स्वच्छ, खालची वाळू दिसते. मला त्याचा राग आला. कोणावर राग काढावा ते कळेना.

इसरू भेटला. तेव्हा शोधायला गावातले जे लोक पाण्यात उतरले त्यांत हा होता. आम्ही परत गेलो तरी तो पुढे कितीतरी दिवस खालच्या गावांपर्यंत डोंगा घेऊन जात होता, हे मला नंतर कळलं होतं. आता केस पिकले आहेत. त्याने मला ओळखलं. मी त्याला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर कळलं.

"भाऊ, तुमी नाई आले कधी," तो म्हणाला. तक्रार नव्हती, नुसतं म्हणाला.

"नाही जमलं."

"बाई येते."

मला वाटलं तो दुसऱ्या कोणाबद्दल बोलतो आहे.

"मास्तरची माय. दिवाळी झाली का येते. माय-लेकी दोघी. पोरगी नदीले ओवाळते, भावाले ओवाळतेत तसं. माय इथी बसते." त्याने एक सपाट खडक दाखवला. "दिवसभर बसते. आमच्या घरून माझी बायको सोमारी भात आणते तं खाते थोडं. मंग शेवटची गाडी निघाची वेळ झाली का उठते."

दर दिवाळीत चंदा भाऊबीजेला रंजीताकडे जाते. रंजीताचा भाऊ जवळ नाही, तिला एकटं वाटू नये म्हणून जाते, असं मी धरून चाललो होतो. मी तिला बसस्टँडवर पोचवायचो. डब्यात चकल्या असायच्या. त्या कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

प्रणित दूर उभा राहून मोबाइलवर नदीचे फोटो काढत होता. मी त्या खडकावर जाऊन बसलो. तो बसून बसून गुळगुळीत झालेला नाही, एका बाईच्या बसण्याने खडक झिजत नाही. तो नुसता खडक होता, उन्हाने तापलेला.

नुसती बसून असते असं मी लिहिलं होतं. मला वाटलं होतं मी ते कल्पनेने लिहिलं.

७ जून, सिंदेवाही

काल घरी पोचलो तेव्हा चंदा तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, इसरू भेटला होता.

तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "बरा आहे का थो?"

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुमी ऐकलं असतं का?"

मी ऐकलं नसतं. गाईला पाणी दाखवायला गेलो असतो.

मग ती बोलली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, एका दमात इतकं बोललेली मला आठवत नाही. जसं बोलली तसं लिहितो.

"रंजीनं मले सांगतलं, दुसऱ्या अर्ध्यात थो वर येते म्हणून. मंग मी वाचलंच नाई. कशी वाचू? माह्या घरी तं नाई आला. तुमी त्याले पुस्तकात आणलं. मी म्हटलं, आणू द्या, ह्या माणसाले जगाले पायजे थे. म्हणून मी काई म्हटलं नाई. पण तुमी त्याले येऊन राह्यला म्हणता, आन् मी त्याचं काई करू शकत नाई. पितृपक्षात सगळ्यायचे पानं वाढतो आपण. तुमच्या बापाचं, माह्या सासूचं. त्याचं नाई वाढत, काऊन का थो गेला नाई म्हणता तुमी. दिवाळीले ताटं मांडतो, तिथी बी त्याचं नाई, काऊन का थो आला नाई. जित्यायच्या पंगतीत नाई, पितरायच्या पंगतीत नाई. बारा वर्षं झाले, माह्या पोराले कोणी जेवाले वाढलं नाई."

तांदळाचं सूप तिच्या मांडीवरच होतं. मला एकच वाक्य सुचलं आणि तेही मूर्खासारखं. मी विचारलं, ती पानं कशाची?

"पुतळ्याची," ती म्हणाली. देह सापडला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात. डोक्याला नारळ. गळ्याला, छातीला, हातापायांना देठ मोजून लागतात, गुरुजींनी तिला सगळं सांगितलं होतं. तिने एकेक जुडी बांधून ठेवली होती. एक हाताची, एक पायाची. माझ्या डोक्यावर, गच्चीवर, उन्हाळाभर माझा मुलगा वाळत होता आणि मी पत्रावळ्यांवरून थट्टा करत होतो.

मी रडलो. लिहायला लाज वाटते आहे, पण रडलो ते खरं आहे. चंदा रडली नाही. ती म्हणाली, मी सगळं तिथी नदीवर रडून येते.

२० जून

प्रणित आला, सही केली. दोन भाग. पहिला भाग कवडू पाण्यात उतरतो तिथवर.

दोन अटी घातल्या. शेवटच्या चित्रात पाणी नको, काठ हवा. काठावर त्याची आई बसलेली हवी, आणि कॅमेऱ्याने लवकर निघून जाऊ नये. लोक कंटाळले तर कंटाळू देत. आणि दुसरी अट चष्म्याची.

प्रणित म्हणाला, "माय तं पायजेच भाऊ. मी थेच म्हणून राह्यलो होतो." चष्म्यावर त्याने मान खाजवली, पण म्हणाला, "ठेवू."

"आणि दुसरा भाग नाही झाला तर?" मी विचारलं.

"झाला पायजे भाऊ."

"नाही झाला तर मला फोन करून सांगायला घाबरू नको," मी म्हटलं. त्याला आश्चर्य वाटलं असावं. मलाही वाटलं.

तो गेल्यावर विधीचं मी चंदाला हो म्हटलं. प्रफुल्ल गेला, असं म्हटलं. तोंडाने म्हटलं. इतक्या वर्षांत ते दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवले नव्हते. शब्द लहान आहेत.

१४ ऑगस्ट

पर्लकोटाला पूर, भामरागडचा रस्ता बंद, अशी बातमी पेपरात. दरवर्षी येते, आणि दरवर्षी मी ते पान उलटतो. आज चंदाला वाचून दाखवली. ती म्हणाली, इसरूचं घर उंचावर आहे.

११ सप्टेंबर

पितृपक्षात, गुरुजींनी काढून दिलेल्या तिथीला, वैनगंगेच्या काठी झालं. रंजीता आणि जावई आले होते. इसरू आणि सोमारी आदल्या दिवशी बसने आले, रंजीताकडे मुक्कामाला राहिले आणि सकाळी तिच्याबरोबरच पोचले. त्यांना कोणी बोलावलं ते मी विचारलं नाही. सोमारीने पानांच्या द्रोणात काहीतरी आणलं होतं, ते तिने पुतळ्याच्या हाताशी ठेवलं. गुरुजींनी तिकडे पाहिलं आणि मंत्र चालू ठेवले.

जुड्या चंदाने स्वतः लावल्या. कोणती कुठली हे तिला न बघता कळत होतं. पानं वाळून तांबूस झाली होती. नारळ ठेवला तेव्हा तो माणूस झाला. उंची बरोबर नव्हती, तो उंच होता. पण गुरुजी म्हणाले की एवढंच असतं.

मी खिशातून चष्मा काढला. सकाळी निघताना घेतला होता, कोणाला सांगितलं नव्हतं. सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि नारळावर ठेवला. एका बाजूने घसरत होता, रंजीताने पानाचा देठ खाली सरकवून तो नीट बसवला. गुरुजी म्हणाले, काच जळत नाही, नंतर पाण्यात सोडा. मी म्हटलं, सोडतो.

वडिलांनी अग्नी द्यायचा आणि मी दिला. वाळलेली पानं फार लवकर जळतात, मी त्याला तयार नव्हतो. एवढी वर्षं मला वाटत होतं की हे करायला माझ्या अंगात कधीच ताकद येणार नाही, आणि ते चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात झालं.

चष्मा पाण्यात सोडला. तडकलेली काच वर होती, मग दिसेनाशी झाली.

२१ सप्टेंबर

आज सर्वपित्री. पानं वाढली. माझ्या वडिलांचं, आईचं, आणि प्रफुल्लचं. त्याच्या पानावर चंदाने भात, वरण आणि भोपळ्याची भाजी वाढली. भोपळा त्याला आवडायचा नाही. मी म्हटलं, त्याला भोपळा कशाला? ती म्हणाली, खाईन थो आता, पितर झाला.

जेवणं झाल्यावर मी अंगणात बसलो होतो. उन्हाची तिरीप तुळशीपर्यंत आली होती. चंदा कपाटातून माझी वीट घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मधोमध उघडून.

"वाचा," म्हणाली.

"कुठून?"

"थो उतरला तिथून पुढे. मी तिथवर वाचलं आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, तुला वाचवत नव्हतं ना?

"तवा नव्हतं. तवा थे खरं होतं." ती पायरीवर बसली, पदर सावरून, पाय लांब करून. "आता गोष्ट आहे. वाचा."

मी वाचायला लागलो. राणीचा दरबार आला, शिंपले आले. मध्येच ती कासवांना हसली. ज्या आंधळ्या सुताराला मी कापलं होतं त्याच्यावर ती म्हणाली, हा चांगला माणूस आहे. सगळं एका बैठकीत होणार नव्हतं, म्हणून तिनेच सांगितलं की आज शेवट वाचा, मधलं रोज थोडं थोडं ऐकीन. मी शेवटचं प्रकरण उघडलं. कवडू पाण्यातून वर येतो ती ओळ आली, आणि माझा आवाज बसला. नाटकाची इतकी सवय असून बसला. ओळ तीन वेळा सुरू केली.

चंदाने वाट पाहिली. मग विचारलं, "चष्मा आहे का त्याच्या डोळ्यावर?"

"आहे."

"मंग दिसून राह्यली असन त्याले माय," ती म्हणाली. "वाचा पुढे."